ससून डॉकवर सेलफिश उतरतो, मग मुंबईहून तो रॉडवर का लागत नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही दादरला राहता, सात-आठ वर्षं पवईच्या तलावावर गरवता, गेल्या महिन्यात पहाटे ससून डॉकवर गेलात तेव्हा लिलावाच्या फरशीवर माणसाच्या उंचीचा, भाल्यासारख्या लांब चोचीचा सेलफिश पडलेला पाहिलात आणि तेव्हापासून डोक्यातून तो जात नाही. दीड लाख रुपये बाजूला काढलेत. त्यातले लाखभर चांगल्या रॉड-रीलला घालावेत का, आणि मुंबईहून एखाद्या रविवारी बोट घेऊन गेलं तर असा मासा गळाला लागेल का, असं विचारलंत.

आधी उत्तर देतो, मग कारणं. रविवारी जाऊन संध्याकाळी परत यायचं असेल तर सेलफिशची किंवा त्याच्यासारख्याच चोचीच्या मार्लिनची आशा धरू नका. आणि लाखाचं रील आत्ता अजिबात घेऊ नका. तुमची अडचण सामानाची नाही, पाण्याची आहे. हे एकदा नीट समजलं की पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळेल, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

मी तेवीस वर्षं समुद्रात गळाने मासेमारी करतो. सुरुवात वर्सोव्याच्या एका तांडेलकाकांच्या होडीवर झाली (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख). पुढे सहा हंगाम अंदमानात गेम फिशिंगच्या, म्हणजे हौशी लोकांना मोठा मासा गळाने पकडायला नेणाऱ्या बोटींवर काढले, आधी मदतनीस म्हणून, मग पाहुण्यांना घेऊन जाणारा म्हणून. त्यामुळे आपलं पाणी आणि ते पाणी, दोन्ही हाताखालून गेलेलं आहे.

डॉकवर पाहिलात तो मासा मुंबईचा, हे अर्धंच खरं. तो मुंबईत उतरला, मुंबईजवळ पकडला गेला नाही. ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला लागणाऱ्या मोठ्या बोटी बर्फ भरून आठ-दहा, कधी बारा-पंधरा दिवस बाहेर असतात. रात्रभर मैलभर लांब जाळं सोडतात आणि त्यात सुरमई-कुप्याबरोबर (कुपा म्हणजे टूना) कधी सेलफिश, कधी मार्लिन अडकतो. तुमचा तो मासा किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरवर लागला असेल, दोनशेवरही असेल. फरशीवर त्याच्या अंगावर ते लिहिलेलं नसतं.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. किनाऱ्यापासून समुद्राचा तळ हळूहळू उतरत जातो आणि एका ठिकाणी एकदम खोल दरीत कोसळतो. कोसळण्याआधीचा उथळ पट्टा म्हणजे भूखंडमंच. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो दक्षिणेकडे चिंचोळा आहे, उत्तरेकडे रुंद होत जातो आणि मुंबईसमोर सुमारे तीनशे किलोमीटर पसरलेला आहे. तेलविहिरींचं मुंबई हाय घ्या. किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर, आणि तिथेही पाणी जेमतेम ७५ मीटर. वीस नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर वेगाने सलग गेलात तरी मंच संपतो त्या कड्यापर्यंत पोचायला आठ तास, परतायला आठ तास. रविवार संपला आणि गळ अजून पाण्यात पडलेला नाही. तेवढं डिझेल जाळायची तयारी ठेवलीत तरी दिवसाच्या बोटीने इतक्या लांब जाणं धोक्याचं आहे.

हे मासे कड्याशीच का फिरतात, हे समजून घ्या. मोकळ्या समुद्रातलं पाणी त्या उतारावर आदळतं तेव्हा खालचं थंड, पोषक पाणी वर ढकललं जातं. त्यावर प्लवक वाढतं, प्लवकामागे बारीक मासळी येते, तिच्यामागे कुपा आणि त्यांच्याच बरोबरीने चोचवाले, म्हणजे मार्लिन-सेलफिश. हे शिकारी डोळ्यांनी शिकार करतात. मार्लिन-सेलफिशच्या डोळ्यांमागे उष्णता तयार करणारा खास स्नायू असतो. तो डोळे आणि मेंदू भोवतालच्या पाण्यापेक्षा ऊबदार ठेवतो, त्यामुळे थंड पाण्यातही त्यांची नजर तेज राहते. अशी नजर घेऊन आलेला मासा आपल्या किनाऱ्याच्या चहासारख्या पाण्यात काय करेल? खाड्यांचा गाळ, उथळ तळ आणि वर मुंबईची भरती-ओहोटी. मोठ्या उधाणाला भरतीची उंची पावणेपाच मीटरच्या पुढे जाते. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होतं तेव्हा तळचा चिखल खाली बसायला वेळच मिळत नाही. मंचावर बारीक मासळीचे थवे आले की त्यामागे सेलफिशही आत येतो, म्हणूनच तो जाळ्यात सापडतो. पण मैलभर जाळं रात्रभर पाण्यात असणं आणि चार आमिषं सहा तास ओढणं यात फार फरक आहे.

हे मी पैसे घालवून शिकलो. पहिल्या काही वर्षांत मुंबईतल्या एका बोटवाल्याने आम्हा तिघांना ‘डीप सी गेम फिशिंग’ म्हणून नेलं. बोट चकचकीत, खुर्च्या आरामाच्या, मागे चार रॉड लावलेले. तीन तासांनी इंजिन मंदावलं तेव्हा मी बादली टाकून पाणी वर घेतलं, तर बादलीचा तळ दिसेना. दिवसभर ट्रोलिंग केलं, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिषं ओढली, आणि एक लहान कुपा घेऊन परतलो. त्या माणसाने खोटे मासे दाखवले असं नाही. त्याने खोटं पाणी दाखवलं. तेव्हापासून मी बोट ठरवताना मासा विचारत नाही. किती किलोमीटर, किती मीटर खोल आणि गळ पाण्यात किती तास, एवढंच विचारतो. तुम्हीही हेच विचारा. उत्तर गोलमोल आलं तर आगाऊ रक्कम देऊ नका.

मग जायचं कुठे? हे तुमच्या सुट्टीवर, खिशावर आणि नेमका कुठला मासा मनात आहे त्यावर अवलंबून आहे.

माझा कौल अंदमानला. तिथे बेटांच्या बाहेर तासाभरात तळ शेकडो मीटर खाली जातो. म्हणजे सकाळचा चहा घेऊन निघालात तर नऊच्या आत निळ्या पाण्यात असता. डिसेंबर ते एप्रिल हा भरवशाचा काळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं होतात, तेव्हा तिकीट काढू नका. तिथला राजा म्हणजे जायंट ट्रेव्हली, ज्याला सगळे जीटी म्हणतात. खडकाच्या कडेला पॉपर, म्हणजे पाण्यावर आवाज करणारं कृत्रिम आमिष फेकून, पाण्यावर फुटक-फुटक वाजवत आणायचा आणि खालून तो मासा बैलासारखा धडकतो. या माशाचा आजवरचा मान्य विक्रम २००६ मध्ये जपानमध्ये पकडलेल्या सुमारे ७२.८ किलोच्या माशाचा आहे. अंदमानात वीस-तीस किलोचा लागला तरी तुम्ही आयुष्यभर सांगत राहाल. बाहेरच्या पाण्यात सेलफिश, वाहू, डॉगटूथ टूना आणि नशीब असेल तर मार्लिन. मात्र तिथे कुठेही गळ टाकता येत नाही. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आणि हॅवलॉकजवळच्या द्वीपसमूहातलं राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान ही राखीव आहेत, आणि आदिवासींच्या नॉर्थ सेंटिनल बेटाच्या आसपास तर फिरकायचंही नाही. चांगला बोटवाला या सीमा स्वतःहून सांगतो. जो म्हणतो ‘कोण बघतंय’, त्याच्याबरोबर जाऊ नका.

लक्षद्वीपचं पाणी तितकंच सुंदर आहे, कारण ती बेटं थेट खोल समुद्रातून वर आलेली आहेत. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या आखूड काठीने कुपा मारतात: जिवंत बारीक मासळी फेकायची, पाण्याचे फवारे मारून थवा वेडा करायचा आणि एकामागून एक मासा उचलून मागे टाकायचा. गळाने मोठ्या प्रमाणावर मासेमारी कशी स्वच्छ करता येते हे पाहायचं असेल तर ते एकदा पाहाच. पण बेटांवर जायला परवाना लागतो, प्रवास कोचीहून आणि गेम फिशिंगच्या बोटी मोजक्या. पहिल्या सफरीसाठी मी तो सल्ला देणार नाही. मालदीव सोपं आहे, महाग आहे.

विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर पश्चिमेला आंग्रिया बँक आहे, हे कोणीतरी तुम्हाला सांगेलच. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं ते बुडालेलं पठार आहे, माथ्यावर वीसेक मीटर पाणी आणि त्यावर जिवंत प्रवाळ. पाणी काचेसारखं. मी तिथे गळ टाकत नाही. महाराष्ट्राच्या समुद्रात इतकं प्रवाळ दुसरीकडे मला माहीत नाही. तिथले मोठे हेकरू (ग्रूपर) एकेका खडकाला धरून राहतात, काढला की ती जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते. हा माझा नियम, कायदा म्हणून सांगत नाही.

मग मुंबईचा समुद्र काय कामाचा? शाळेचा. तलावावर आठ वर्षं गरवलेल्या माणसाला मासा कळतो, गाठी येतात, धीरही असतो. पण त्याला ओढ माहीत नसते. ओढ म्हणजे बोट हलतेय, पायाखाली ओली फळी आहे, वारा उलटा आहे आणि समोरचा मासा थांबायचं नाव घेत नाही. ती आपल्या पाण्यात शिकता येते. सुरमई आहे, खडकांच्या आसपास ट्रेव्हली आणि जिताडा आहे, बाहेर कुपा आहे. अलिबाग-थळसमोर खांदेरी-उंदेरीच्या खडकांकडे, पुढे रेवदंडा-मुरूडपर्यंत माहितगार तांडेल घेऊन जा. तुमची एका वर्षाची तयारी तिथे होईल.

तारीख ठरवताना कॅलेंडरवर रविवार बघू नका, तिथी बघा. कोळ्यांचा हिशोब तुम्ही ऐकला असेल: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्येला ती बाराच्या आसपास येते. काही मिनिटं इकडे-तिकडे होतात, पण खिशात कागद नसताना हा हिशोब मला कधी दगा देत नाही. उधाणाला पाणी जोरात वाहतं आणि गढूळ असतं. अष्टमीनंतर दोन-तीन दिवस भांग, म्हणजे उधाणाच्या उलट स्थिती असते, प्रवाह मंदावतो, गाळ थोडा बसतो. पॉपर किंवा कृत्रिम आमिष फेकायचं असेल तर मी भांगाचे दिवस धरतो. जिताड्यासाठी उलट, थोडा प्रवाह असलेला बरा, कारण तो खडकाच्या आडोशाला बसून वाहत येणारं उचलतो. ऋतू म्हणाल तर पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मग मार्च ते मे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते आणि तो काळ माशांच्या विणीचाही आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय माझे तांडेलकाका होडी काढत नसत. मीही काढत नाही.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि पाण्याचा हिरवेपणा मोजून मासे सापडण्याची शक्यता असलेले पट्टे जाहीर करते, लाटांचा अंदाजही देते. मच्छीमारांसाठी आहे, पण वाचायला तुम्हीही शिका. दोन तापमानांची पाणी जिथे भिडतात तिथे फेसाची, कचऱ्याची एक रेघ दिसते. ती रेघ ओळखायला शिकलात की अंदमानात पहिल्याच दिवशी तुम्ही कप्तानाच्या आधी तिच्याकडे बोट दाखवाल.

आता रीलकडे येतो, कारण तुमचा अर्धा प्रश्न त्यावर होता. मोठ्या माशाच्या रीलमध्ये खरी वस्तू एकच: ड्रॅग, म्हणजे दोरा किती जोर लागल्यावर सुटावा हे ठरवणारा ब्रेक. माझा नियम आहे की दोऱ्याच्या तुटण्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत ड्रॅग ठेवायचा. पन्नास पौंडी म्हणजे साधारण २३ किलोचा दोरा असेल तर सहा-साडेसहा किलोपासून सुरुवात. हे अंगठ्याने ओढून ठरत नाही. भाजीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा हूकवाला काटा आणा.

हे आमच्या गच्चीवर कसं करतो ते सांगतो. मी रॉड धरून एका टोकाला उभा राहतो, टोक थोडं वर, उभं नाही. भाचा दोऱ्याचं टोक काट्याला अडकवून पाण्याच्या टाकीपर्यंत मागे चालत जातो आणि काट्यावरचा आकडा मोठ्याने सांगतो. तीन किलोला दोरा सुटू दिला तर हात म्हणतो, ठीक. पाच किलोला मनगट वाकतं. साडेसहा किलोला रॉडचं बूड पोटात रुततं आणि पाय आपोआप फाकतात. मग भाचा न थांबता फेऱ्या मारतो आणि मी वीस मिनिटं तसाच उभा राहतो. रॉडचं बूड टेकवायला कंबरेला गिंबल बेल्ट का लागतो, हे दहाव्या मिनिटाला कळतं. हे घरी करून पाहा. नव्वद टक्के लोक रील विकत घेतात आणि साडेसहा किलो म्हणजे काय हे त्यांना मासा लागल्यावर पहिल्यांदा समजतं. एक जपायचं: रॉड सरळ आकाशाकडे उभा करून ओझं उचलू नका, टोकाजवळ फट्कन मोडतो.

दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाही. स्पूलवरचा, म्हणजे रीलच्या चकरीवरचा दोरा जसजसा संपतो तसा घेर लहान होतो. ब्रेक तोच, पण घेर अर्धा झाला की दोरा सुटायला दुप्पट जोर लागतो. सहा किलोचा ड्रॅग न हलवता बारा किलोचा होतो. शिवाय पाण्यातून शेकडो मीटर दोरा ओढला जातो त्याचा भार वेगळा. घाबरलेला माणूस अशा वेळी ड्रॅग आवळतो, आणि मासा तिथेच दोरा तोडून जातो. मासा लांब गेला की ड्रॅग सैल करायचा. बुद्धीला हे पटतं, हाताला पटायला दोन मासे गमवावे लागतात. मासा पळत असेल तर हँडल फिरवू नका. थांबला की कंबरेतून रॉड उचला, खाली नेताना तेवढाच दोरा गुंडाळा. खांद्याने नाही, पायांनी.

सेलफिश ताशी ११० किलोमीटर पळतो असं तुम्ही सगळीकडे वाचाल. तो आकडा जुन्या, ढोबळ निरीक्षणावरचा आहे. अलीकडच्या मोजमापांत वेग त्यापेक्षा पुष्कळ कमी भरला. पण त्याच्या पहिल्या धावेत रीलचा आवाज ऐकलात तर आकड्याची गरज वाटणार नाही.

गळाबद्दल माझं मत ठाम आहे. मासळीचं आमिष लावत असाल तर सर्कल हूकच. त्याचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे माशाने गिळलं तरी ओढताना तो आतड्यात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात येऊन बसतो. अट एकच, झटका द्यायचा नाही. तलावावरच्या माणसाला हे सगळ्यात जड जातं. आमिष उचललं की मनात पाच मोजायचे, दोरा ताठ होऊ द्यायचा आणि फक्त गुंडाळायला लागायचं. पॉपरला मात्र झटका हवा, आणि तिथे तिहेरी गळांऐवजी टोकामागचा उलटा काटा दाबून टाकलेले एकेरी गळ लावतो.

आता जे लिहायचं मी टाळू शकलो असतो ते लिहितो. अंदमानातल्या माझ्या चौथ्या हंगामात मला हलक्या सामानावर सेलफिश काढायची हौस आली. वीस पौंडी दोरा घेतला. मासा लागला सकाळी साडेनऊला, बोटीशी आला सव्वाअकराच्या सुमारास. जिवंत सेलफिश लागला की त्याच्या अंगावर निळ्या-जांभळ्या पट्ट्या पेटल्यासारख्या दिसतात. हा आला तेव्हा तांब्यासारखा तपकिरी, पंख मिटलेला. मी बोटीतून वाकून चोच धरली, कप्तानाने बोट हळू पुढे नेली, वीस-पंचवीस मिनिटं आम्ही त्याच्या तोंडातून पाणी वाहू दिलं. एकदा शेपटी हलली. सोडला तर बाजूला कलला आणि तसाच खाली गेला, पांढरं पोट दिसेनासं होईपर्यंत मी पाहत होतो. त्याला मी मारलं, खायला नाही, हौसेला. त्या दिवसापासून मोठ्या माशाला हलकं सामान मी वापरत नाही आणि कोणाला वापरू देत नाही. जड सामान म्हणजे माशावर अन्याय, असं नवख्यांना वाटतं. तसं नाही. पंधरा-वीस मिनिटांत बोटीशी आणता येईल इतकं सामान हाच न्याय.

त्यामागचं कारण असं. कुपा काय, मार्लिन-सेलफिश काय, हे मासे कल्ले हलवून श्वास घेत नाहीत. तोंड उघडं ठेवून सतत पोहतात आणि पाणी कल्ल्यांतून जातं. थांबले की गुदमरतात. झुंजीत स्नायूंत आम्ल साठतं, आणि कुप्यासारख्या ऊबदार अंगाच्या माशाचं शरीर झुंजीत आणखी तापतं. म्हणून सोडताना बोट सावकाश पुढे चालू हवी, मासा पाण्यातच हवा. हातमोजे घालून चोच धरायची, टोक स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या चेहऱ्यापासून दूर. गळ निघाला तर ठीक, नाहीतर लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोरा, जितका जवळून कापता येईल तितका कापायचा. अंगावरचा रंग परत येऊ लागला आणि मासा स्वतः हात सोडवून घेऊ लागला की सोडायचा, आधी नाही. लीडर हाताला गुंडाळू नका. अनुभवी मदतनीस गुंडाळतात, तुम्ही नाही. जीटी फोटोसाठी उचलायचा असेल तर हात ओले करून दोन्ही हातांवर आडवा, कल्ल्याला धरून लटकवायचा नाही. माझी मोजणी सोपी आहे: मासा वर घेताना आपला श्वास रोखायचा, आपल्याला श्वास लागला की मासा पाण्यात.

आणि जो सोडता तो कोण असतो, हेही ध्यानात ठेवा. प्रचंड मार्लिन जवळजवळ नेहमी मादी असते, नर त्या मापाला पोचतच नाहीत. १९५३ मध्ये पेरूच्या काबो ब्लँकोला आल्फ्रेड ग्लासेल यांनी १,५६० पौंडांचा, म्हणजे सातशे किलोंहून जड ब्लॅक मार्लिन पकडला, तो विक्रम आजही उभा आहे. आपला जिताडा तर आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. खाडीत दहा-बारा किलोचा जिताडा लागला तर तो अंड्यांनी भरलेलं घर आहे. दोन-तीन किलोचा घरी न्या, आनंदाने खा, तो मोठा पाण्यात जाऊ द्या. काही मासे तर कायद्यानेच धरायचे नाहीत: देवमाशासारखा दिसणारा व्हेल शार्क, करवतमासे, महाकाय हेकरू हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. चुकून लागला तर बोटीत न घेता दोरा कापा. फोटोचा मोहही नको.

तुमच्या दीड लाखाचं मी असं करेन. अंदमानच्या चांगल्या बोटींवर दर्जेदार रॉड-रील भाड्याने किंवा बोटीच्या दरातच मिळतात, आणि ती त्या पाण्याला जुळवलेली असतात. लाखाचं रील विकत घेतलंत तर उरलेल्या पैशात समुद्रावर एकच दिवस मिळेल. तोच पैसा दिवसांत घाला. बोट तिघांत वाटून घ्या, सलग चार दिवस ठरवा. चारपैकी एक वारा खाईल, एक मासा देणार नाही, हे धरूनच चला. माझ्या हंगामांत असंच होत आलंय. उरलेल्या दोन दिवसांत तुमचं काम होईल. स्वतःचं म्हणून घ्यायचं ते अंगाला लागणारं: गिंबल बेल्ट, बोटं उघडी असलेले आणि जाड असे दोन जोड हातमोजे, पोलराइज्ड चष्मा, लांब बाह्यांचा शर्ट, आणि सरावाला शंभर-दीडशे मीटर दोरा व लीडर. दोरा आणि लीडर जोडणारी एफजी गाठ घरी शंभरदा बांधा, डोळे मिटून येईपर्यंत. दोन सफरींनंतर कुठला मासा तुमचा ते कळेल, तेव्हा रील घ्या.

सुरक्षिततेचं थोडक्यात, पण यात तडजोड नाही. लाइफ जॅकेट अंगावर, सीटखाली नाही. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ चालू आहे का, संकटकाळचं चॅनल १६ लागतं का, हे धक्क्यावरच पाहा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये ठेवा. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर तपासणी असते, ओळखपत्र जवळ असू द्या आणि बोटीची नोंदणी विचारायला संकोच करू नका. तेलविहिरींच्या फलाटांजवळ मासे असतात हे खरं, पण त्यांच्याभोवती पाचशे मीटरचा प्रतिबंधित पट्टा आहे, तांडेल म्हणाला तरी आत जायचं नाही. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आदल्या रात्री आणि निघण्याआधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही.

तुम्ही पाहिलेल्या सेलफिशकडे परत येतो. येत्या आठवड्यात पुन्हा पहाटे डॉकवर जा. लिलाव आटोपला, बर्फाचे खोके रिकामे झाले की तांडेल मंडळी चहाला थांबतात, तेव्हा जवळ बसा. काका, हा किती दिवसांवर लागला, किती वाव पाण्यात, पाणी निळं होतं की हिरवं, एवढं विचारा. घाईत असतील तर नंतर या. बोलते झाले तर वहीत लिहून घ्या: तारीख, तिथी, वाव, रंग. वाव म्हणजे दोन हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर, सहा फूट धरा. पाच-सहा बोटींच्या नोंदी झाल्या की मला कळवा, नकाशा समोर ठेवून आपण दोघं त्यावर बोलू. अंदमानची तारीख त्यानंतर ठरवू.